घरगुती कारण

रात्री तीनच्या सुमारास मुंग्या येतात.
आधी अंगठ्यात, मग शेजारच्या दोन बोटांत.
करंगळीला मात्र शिवत नाहीत,
तिचं त्यांच्याशी काय ठरलंय कोण जाणे.
मी उठते, खिडकी उघडते,
हात बाहेर काढून झटकते,
आई जेवणाचं फडकं झटकायची तसे.
तेव्हा खाली कोंबड्या असायच्या.
आता खाली काळी खाडी
आणि पलीकडे कारखान्याचे दिवे.
रात्रपाळीची कुणीतरी माझ्या जागेवर उभी असेल,
माझाच चिमटा धरून.

मुंग्यांनो, इथे साखर नाही.
मीठ आहे आणि बर्फाचं पाणी.

माझं काम काटे उपटायचं.
एका सॅमनच्या एका कुशीत तीसएक काटे,
बोटांनी चाचपून शोधायचे, खेचायचे, पुढचा मासा.
पट्टा कुणासाठी थांबत नाही.
हंगामात बारा तास,
बूट धुणं आणि बसची वाट धरली तर चौदा.
भिंतीवर घड्याळ आहे,
त्याचे दोन काटे तेवढे
इतक्या वर्षांत मला उपटता आले नाहीत.

ओयार्सून, आमचा पाळीप्रमुख, वाईट माणूस नाही.
त्याच्याही कमरेला पट्टा आहे, सदऱ्याखाली.
वाकताना तो श्वास धरतो
आणि आम्ही सगळ्या दुसरीकडे बघतो.

मार्च महिन्यात एक दिवसाचा पगार सोडून
मी फेरीने पुएर्तो माँतला गेले, विम्याच्या डॉक्टरकडे.
कोवळा मुलगा. हात उबदार.
मनगटावर टिचकी मारली, विचारलं, झिणझिण्या येतात?
मग म्हणाला, घरी काय काम करता, नोल्फाबाई?
म्हटलं, असेल ते.
विणकाम?
मला हसू आलं. म्हटलं, चिलोएत कोण विणत नाही?
माझ्या मोज्यांची टाच बघायला
बायका कास्त्रोहून यायच्या.
एवढंच नाही, मी टाच कशी वळवायची
तेही सांगत बसले त्याला,
हातवारे करून,
त्याच हातांनी.

त्याने लिहिलं. टेबलाच्या अलीकडून
अक्षरं मला उलटी दिसत होती.
पण पट्ट्यावरच्या खोक्यांची लेबलं
अकरा वर्षं मी उलटीच वाचत आले आहे.
आजाराचं कारण: घरगुती.

परतताना फेरीच्या डेकवर वारा फार होता.
थर्मासचं झाकण उघडेना.
एका परक्या पोराने उघडून दिलं
आणि विचारलं, आजी, थंडी वाजतेय का?
मी शेहेचाळीसची आहे.

घरी टोपलीत एक मोजा आहे, सुयांसकट,
टाचेपर्यंत येऊन थांबलेला.
निबाल्दोसाठी घेतला होता.
तीन वर्षं झाली.
त्या पोराचा पाय आता बापाच्या बुटात मावत नाही.
सुई धरली की सुटते,
पडल्याचा आवाज आला की कळतं.
डॉक्टरला हे सांगायला हवं होतं.
त्याने विचारलं विणता का,
विणता येतं का असं विचारलं नाही.
आणि मी तरी काय,
कौतुकाला भुकेली.

अर्जावर फेरतपासणीसाठी तीन ओळी आहेत.
तीन ओळींत अकरा वर्षं बसवायची.
इर्मा म्हणते, तू सांग, मी लिहिते.
इर्माचं अक्षर कोंबडीचे पाय,
पण तिची उजवी बाजू अजून शाबूत आहे.

पहाटे पाचला कपडे बदलायच्या खोलीत
कुणी कुणाला काही विचारत नाही.
ज्या बाईची बोटं जागी झाली असतील
ती दुसरीची बटणं लावते,
टोपीखाली केस सारते, बाह्यांना रबर चढवते.
माझी ब्रुनिल्दा लावते.
ब्रुनिल्दाची कुणीतरी.
मान वर कर, असं म्हणतात तेवढंच.

आज सकाळी एकोणीस बायका होतो.
मी मोजलं.
अकरा अंगठे जागे होते.
भागलं.